घासूनपुसून रिकामं पातेलं

जर्मनीतली माणसं कशी आहेत, असं गावी आलो की दिवसातून चार जण तरी विचारतात. मी सांगतो, स्वच्छ आहेत. त्यांना वाटतं मी कौतुक करतोय.

गेली सहा वर्षं मी तिथे म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालतो, भरवतो, कुशीवर वळवतो, त्यांची अंथरुणं बदलतो. कागदावर मी नर्स आहे. त्याआधी वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं ब्रदर म्हणून राबलो, मग जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि गेलो. जायच्या आधी रिसोडच्या स्टँडवर एक नातेवाईक भेटला. चार लोकांत मोठ्याने म्हणाला, "इतकं शिकून तठी गोऱ्याईचं हागनं-मुतनं काढाले चालला का बे?" ह्या गृहस्थाची आई ओसरीवर दोन वर्षं पडून होती आणि तिची पाठ सडली ती ह्याच्या डोळ्यांदेखत. मी ते बोललो नाही, नुसता हसलो. असल्या माणसाला उत्तर देणं म्हणजे त्याला खुर्ची देण्यासारखं आहे.

लग्नाचंही तेच. मुलीवाले 'जर्मनी' ऐकून येतात आणि 'म्हाताऱ्यांची सेवा' ऐकून चहा अर्धा टाकून उठतात. उठू देत. ज्यांना आपला बाप म्हातारा होणार हे माहीत नाही, त्यांच्याशी सोयरीक करून मी काय करणार?

तिरस्काराच्या बाबतीत मी कुणावर अन्याय केलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाव, जर्मनी, तिथलं मराठी मंडळ, सगळ्यांना सारखा वाटून दिला. माझा स्वतःचा वाटा तेवढा राहून गेला होता. तो ह्या डिसेंबरात मिळाला.

तिथे मी चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या खाली सत्तरीच्या एक बाई राहतात, एकट्याच. पहिल्याच महिन्यात एका रविवारी दुपारी मी मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी वाटली. फार तर दीड मिनिट मिक्सर चालला असेल. संध्याकाळी दाराला चिठ्ठी लावलेली. सुवाच्य अक्षर, डावीकडे समास सोडलेला. रविवार हा विश्रांतीचा दिवस असतो, यंत्रं चालवू नयेत, मनापासून नमस्कार. ह्याच बाई सकाळी जिन्यात मला हसून गेल्या होत्या. पण तोंडाने कसं बोलणार? चिठ्ठी लिहिणार! आमच्या गावात शेजारच्या काकूने भिंतीपलीकडूनच ओरडून विचारलं असतं, "काय दळून राह्यला रे, घर?" आणि वर वाटीभर चटणी मागून नेली असती.

तरीही मी म्हटलं, नवीन देश आहे, आपण नमतं घ्यावं. समेट करायला आमच्याकडे नेतात तेच घेऊन गेलो. वानोळा.

वानोळा म्हणजे फार मोठं काही नसतं. शेतात पहिलं काही निघालं, घरात काही केलं, गावाहून काही आलं, की त्यातलं थोडं दुसऱ्याच्या घरी द्यायचं. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, हळद, कुरड्या, जे असेल ते. देणारा मोजत नाही आणि घेणारा आभार मानत नाही. नियम एकच, ज्या भांड्यात वानोळा आला ते भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकायची, मूठभर गहू टाकायचे, तेही नसले तर परसातल्या चार मिरच्या. रिकामं भांडं गेलं की समोरच्या घराने समजायचं ते समजतं.

मायने मला निघताना स्टीलच्या डब्यात आमच्या शेतातली हळद दिली होती. डब्यावर बापाचं नाव टोचलेलं आहे. बाप जाऊन पंधरा वर्षं झाली, नाव अजून स्पष्ट वाचता येतं. त्यातली अर्धी हळद मी काढून ठेवली आणि तो डबाच नेऊन बाईंच्या हातात दिला. मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्या घरची आहे, दुधात घाला, खोकला जातो.

तीन दिवसांनी डबा माझ्या पायपुसण्यावर ठेवलेला सापडला. घासलेला, पुसलेला. बापाच्या नावाच्या टिंबांत अडकलेली हळददेखील ब्रशने काढलेली. आत फुलाचं चित्र असलेलं एक कार्ड, त्यावर मनापासून आभार. बाकी डबा रिकामा. मला सरळ किळस आली. एवढा घासायला वेळ मिळाला आणि त्यात साखरेचा एक दाणा टाकायला सुचलं नाही?

मायला फोनवर सांगितलं.

"रिकामा?" ती म्हणाली. "साखरीचा दाना बी नाई?"

"चिठ्ठी होती."

"चिठ्ठी काय खातं मानूस?" मग स्वतःच म्हणाली, "गरीब असन बिचारी. घरात काई नसन."

त्या बाईंकडे दोन गाड्या आहेत आणि खिडकीत ठेवलेल्या चिनीमातीच्या बदकांनासुद्धा सणासुदीला टोप्या असतात. मायने त्यांना गरीब ठरवलं आणि पुढची सहा वर्षं दर फोनला विचारत राहिली, "ते गरीब बाई बरी हाय ना?" मी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. मला त्यात फार मजा यायची.

कामावरही मजा कमी नव्हती. आमच्या वृद्धाश्रमाला तिथे फार गोंडस नाव आहे, बागेवरून ठेवलेलं. एका आजोबांचा मुलगा दर दुसऱ्या रविवारी तीन ते चार यायचा. दोन दिवस आधी फोन करून कळवायचा की मी येतोय. बापाला भेटायला कळवून येणारा मुलगा मी तोपर्यंत पाहिला नव्हता. चारला पाच मिनिटं कमी असताना तो कोट घालायला लागायचा आणि आजोबा, ज्यांना स्वतःचं नावही कधीकधी आठवत नसे, ते त्याला कोट घालताना मदत करायचे. मी दारात उभा राहून मनात शिव्या द्यायचो. वऱ्हाडी शिव्या जर्मनपेक्षा ऐसपैस असतात, चांगल्या बसतात.

माझा स्वतःचा फोन मायला दर शनिवारी जायचा. कपडे मशीनमध्ये टाकले की लावायचो आणि मशीन थांबलं की ठेवायचो. माय त्या वेळेला फोन चार्ज करून ओसरीवर बसलेली असायची, पदर वगैरे नीट करून. तेव्हा मला ह्यात काही वावगं दिसलं नाही. आपलं ते कामाच्या रगाड्यातलं प्रेम, त्यांचं ते परदेशी थंडपण!

मराठी मंडळात मी एकदाच गेलो. तासाभरावरच्या मोठ्या शहरात गणपती होता. कुणी काय करून आणायचं ह्याची यादी आधी आली. मला कोशिंबीर. मी कोशिंबीर नेलीच, शिवाय परातभर मुगाची भजीही नेली. एक बाई विचारत्या झाल्या, वाशिम म्हणजे नक्की कुठे, तिकडे पाणी नसतं ना? मग मी काय करतो ते विचारलं. सांगितल्यावर त्यांचे यजमान "वा, वा, किती गरजेचं काम" म्हणाले आणि प्लेट भरायला गेले, ते परत आलेच नाहीत. शेवटी जो तो आपापलं उरलेलं आपापल्या डब्यात भरत होता. डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. माझी भजी संपली होती, परात रिकामी होती. ती तशीच धुऊन कुणीतरी माझ्या हातात दिली. पुण्या-मुंबईचं अन्न खाऊन वाढलेली माणसं आणि रीत त्या खालच्या बाईंची. गाडीत बसून मी ठरवलं, पुन्हा ह्या लोकांत पाऊल टाकायचं नाही.

असा मी सगळ्यांना नावं ठेवत तिथे मजेत राहिलो. आणि हे सगळं तात्पुरतं आहे असं मायला सांगत राहिलो.

जाताना मी तिला म्हणालो होतो, पाच वर्षं. पाच वर्षांनी परत येतो, वाशिमला नाहीतर रिसोडला आपलं काहीतरी सुरू करतो. त्या बोलण्यावर मायने घराच्या मागच्या अंगाला स्लॅबची एक खोली बांधून घेतली. आत फिका निळा रंग, पंखा, लोखंडी पलंग. खोलीला कुलूप. तुरीची पोती ओसरीवर पाय ठेवू देणार नाहीत इतकी झाली तरी ती त्या खोलीत एक पोतं ठेवू देत नसे. आठ दिवसांनी उघडून झाडायची आणि परत कुलूप लावायची. फोनवर शेवटचा प्रश्न ठरलेला, "आता किती राह्यलं?" मी चार म्हणायचो, तीन म्हणायचो, दोन म्हणायचो. पाच उलटल्यावर म्हणायचो, थोडं.

ह्या डिसेंबरात मी आलो तो बॅगेत एक कागद घेऊन. तिथल्या कचेरीचा होता. माझा अर्ज मंजूर झाला होता आणि फेब्रुवारीत मी त्या देशाचा नागरिक होणार होतो. आपला देश दोन्हीकडचं नागरिकत्व राहू देत नाही, त्यामुळे इथला पासपोर्ट परत करायचा. म्हणजे पाच वर्षं, थोडं, वगैरे सगळं संपलं. फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, एवढी माणुसकी माझ्यात उरली होती. सोळा दिवसांची रजा होती. पहिल्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी मी रिसोडहून जीपमध्ये बसायच्या आधी मायला फोन केला, वीस मिनिटांत पोचतो म्हणून. ती म्हणाली, "पोचतो तं पोच ना, सांगतं कायले?" घरी गेलो, तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं आणि विचारलं, "डबा आनला का?"

बापाच्या नावाचा डबा. मागच्या वेळी मी तो चॉकलेटांनी भरून आणला होता आणि तिने परत हळद भरून दिला होता. ह्या वेळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, त्यात मी पेनं आणि कात्री ठेवतो.

"राह्यला तठी," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आनतो."

तिने पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. कागद बॅगेत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवा झालो होतो. शेजारची काकू, माझ्या लहानपणी मला मायच्या बरोबरीने भरवणारी, नेहमीसारखी सरळ आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. मी दचकून उठलो आणि म्हणालो, "काकू, काही काम होतं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "काम? मी तुह्या घरी कामानं येतो का रे?" आणि हसली. मीही हसलो. मायने चूल पेटवायच्या निमित्ताने तोंड फिरवलं, ते मला दिसलं आणि मी न दिसल्यासारखं केलं.

असेच दिवस गेले. रोज सकाळी ठरवायचं, रोज काहीतरी निमित्त. एकदा सांगायला बसलोच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "खोलीले खिडकी अजून एक पायजे होती का? उन्हाळ्यात तुले तपन." मी म्हटलं, एक पुरे आहे.

निघायला दोन दिवस असताना काकूने पातेलंभर तुरीच्या शेंगा उकडून पाठवल्या. मीठ घालून उकडलेल्या, गरम. पाठवल्या म्हणजे भिंतीवरून माझ्याच हातात दिल्या. मी आणि माय ओसरीवर बसून खाल्ल्या, सालींचा ढीग झाला. सहा वर्षांत मी इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. माय गायीला पाणी दाखवायला मागे गेली, आणि मी उत्साहाने उठलो.

पातेलं घेतलं. तळाला चिकटलेलं मीठ घासलं. बाहेरची काजळी राखेने काढली, जी काकूनेही गेल्या कित्येक वर्षांत काढली नसेल. धुतलं. स्वच्छ फडक्याने आतून-बाहेरून पुसलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, की पाहा, परदेशात राहून आलेला मुलगा हाताने भांडी घासतो. भिंतीशी गेलो, काकूला हाक मारली आणि पातेलं तिच्या हातात देत म्हणालो, "धन्यवाद, काकू. फार छान होत्या शेंगा."

काकूने पातेल्यात पाहिलं. मग उगीच आतून हात फिरवला, काही राहिलंय का ते बघावं तसा. म्हणाली, "बरं झालं बापा, घासलं तू." आणि आत गेली.

मी वळलो. माय गोठ्याच्या दाराशी बादली घेऊन उभी होती. तिच्या मागे टोपल्यात मूठभर नाही, चांगले पायलीभर गहू होते. माझ्यापासून चार पावलांवर.

त्या क्षणी मला पायपुसण्यावरचा डबा आठवला. त्या बाईंच्या घरात एक खडा साखर नसेल असं नाही, त्यांना सुचलंच नव्हतं. आणि मलाही सुचलं नाही. मी साखर टाकायची विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. मला काही टाकायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. सहा वर्षं ज्या बाईला मी हसत होतो ती बाई माझ्या हातांनी भांडं घासून गेली. मला स्वतःचा इतका तिरस्कार वाटला, की आजवर वाटून दिलेला सगळा परत घ्यावा आणि एकट्याने खावा.

"माय, मी आत्ता नेऊन देतो गहू," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आता काय." आणि बादली घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी उठलो तर मागच्या खोलीचं कुलूप काढलेलं होतं. काकू आणि तिचा मुलगा आपल्या तुरीची पोती एकावर एक आत रचत होते. निळ्या भिंतीला धूळ लागली होती. लोखंडी पलंग उभा करून कोपऱ्यात लावला होता.

"तिच्या घरी जागा नाई," माय म्हणाली. "रिकामी खोली कायले ठेवाव?"

विचारण्यासारखं तिने काही ठेवलं नव्हतं.

निघायच्या सकाळी नऊची जीप होती. मायने पिशवी भरून दारात ठेवली होती. हळद, तुरीची डाळ, मुगाच्या वड्या, मिरचीचा ठेचा. काकू भेटायला आली तेव्हा माय तिला म्हणाली, "वानोळा बांधला त्याले."

मी ऐकलं. मायने मला आजवर शंभरदा काही बांधून दिलं असेल, पण ते कधी वानोळा नव्हतं. घरच्या माणसाला वानोळा देत नाहीत. वानोळा दुसऱ्याच्या घरी जातो.

पिशवीत पाहिलं तर डबा एकही नव्हता. सगळं प्लास्टिकच्या बरण्यांत भरलं होतं, बाजारच्या लोणच्याच्या, लेबलं भिजवून काढलेल्या.

"स्टीलच्या डब्यात काहून नाई भरलं?" मी विचारलं.

"डबा परत आनाची कटकट कायले तुले? बरन्या खाली झाल्या की फेकून देजो."

कागद अजून बॅगेतच होता. मी म्हटलं, "माय, मले तुले एक सांगाचं होतं."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "तिकीट घेतलं ना? पासपोट घेतला ना?"

मी मान हलवली. जीपवाला हॉर्न देत होता. काहीतरी द्यावं, निदान कशाचं तरी वचन द्यावं म्हणून मी म्हटलं, "बापाचा डबा मी पुढच्या वेळी नक्की आनतो."

मायने पिशवीच्या बंदांना आणखी एक गाठ मारली.

"राहू दे तो," ती म्हणाली. "तुह्या घरी पडन कामी."

सहा वर्षं ती जर्मनीला 'तठी' म्हणत होती. घर तिने पहिल्यांदाच म्हटलं.